‘पिता’ हा शब्द ओठांवर अडतो तेव्हां

आमच्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें उजाडतो, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. घंटा होते, पटांगणांत रांगा लागतात, आणि प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस शिकविलेली प्रार्थना एका सुरांत सुरू होते. ज्यांना ती म्हणावयाची नसेल तीं मुलें शांत उभीं राहतात. परंतु ख्रिस्तीतर मुलांपैकींहि पुष्कळांना ती घरच्या शुभंकरोतीइतकीच पाठ असते. ह्या प्रार्थनेचा आरंभ देवाला पिता अशी हांक मारून होतो. इतकीं वर्षें ती आम्ही म्हणत आलों व मुलांकडून म्हणवून घेत आलों. पण ह्या पहिल्याच पायरीला कोणी ठेंचाळत असेल, हें आमच्या स्वप्नींहि आलें नव्हतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. अभ्यासांत बरा, वागणुकींत सौम्य. पण प्रार्थनेच्या वेळीं त्याचे ओठ पहिल्या शब्दाला मिटलेले असत व दुसऱ्या वाक्यापासून हलूं लागत. रोज हें असेंच. शिक्षकाच्या जुन्या खोडीप्रमाणें आम्हीं त्याचा अर्थ उद्धटपणा असा केला, त्याला रांगेबाहेर काढलें, आणि पहिलें वाक्य एकट्यानें मोठ्यानें म्हणावयास लाविलें. त्यानें तें म्हटलें. म्हणतांना त्याचा चेहरा कसा झाला हें पाहण्याइतकी आमची नजर त्या दिवशीं साफ नव्हती. दोन दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली. बाई चार घरचीं धुणींभांडीं करणारी, दारांतच उभी राहिली व खालच्या मानेनें म्हणाली, “सर, त्याला देवाचा राग नाहीं. बाप म्हटलें कीं त्याला रात्रीं जिन्यावर वाजणारीं पावलें आठवतात. दुसरें कांहींहि म्हणवून घ्या, तेवढें नको.”

ह्या दोनतीन वाक्यांनीं आम्हांस जें शिकविलें तें आम्हीं ऐकलेल्या प्रवचनांनीं शिकविलें नव्हतें. म्हणूनच ह्या वर्षींच्या अंकांत ह्या विषयावर लिहावयाचें योजिलें आहे. विषय नाजूक आहे, आणि कित्येक पालकांस तो शाळेच्या कक्षेबाहेरचा वाटेल, हें आम्ही जाणतों.

धर्मोपदेशाच्या व्यासपीठावरून एक गोष्ट फार सहजपणें सांगितली जाते. तुमचे वडील तुमच्यावर प्रेम करतात ना? देव तसाच, फक्त अनंतपटीनें मोठा. ज्या मुलाच्या घरीं प्रेमळ बाप आहे त्याला हा दृष्टान्त पटतो, व त्याच्यापुरता तो खराहि आहे. परंतु जें मूल बापाची चाहूल लागतांच आईच्या पाठीमागें लपतें, किंवा ज्याच्या बापानें घर सोडल्यापासून विचारपूसहि केली नाहीं, किंवा ज्याला बाप म्हणजे निकालपत्र मागणारा हात एवढाच ठाऊक आहे, त्याला हा दृष्टान्त काय सांगतो? बाप अनंतपटीनें मोठा केला कीं भीतिहि तितक्याच पटीनें मोठी होते. मग तें मूल देवापासूनहि दूर पळूं लागतें, आणि आम्ही वडील माणसें त्याला नास्तिक ठरवून मोकळे होतों.

आमचें म्हणणें असें आहे कीं, येथें क्रमच उलटा लावला जातो. पृथ्वीवरील प्रत्येक कुळाला नांव मिळतें तें स्वर्गीय पित्यापासून, असा आशय पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत मांडला आहे. म्हणजे देव ही आमच्या बापाची मोठी केलेली छबी नव्हे. बापपणाचें मूळ माप देवापाशीं आहे, आणि आम्ही सारे बाप त्या मापानें मोजले जावयाचे आहोंत. कापड विकणाऱ्याचा गज आंखूड निघाला म्हणून सरकारी खात्यांत जपून ठेविलेला गज आंखूड ठरत नाहीं. उलट त्या गजामुळेंच दुकानदाराची लबाडी उघडकीस येते. दुखावलेल्या मुलास ‘माझ्या घरीं झालें तें पितृत्व नव्हतें, तो पितृत्वाचा भंग होता’ असें म्हणतां येणें, ह्यांतच त्याच्या बरें होण्याचा आरंभ आहे, असें आम्हांस वाटतें. मात्र हें ज्ञान व्याख्यानानें होत नाहीं. तें कोणत्या वाटेनें येतें हें पाहावयाचें तर आपल्याच महाराष्ट्रांतील एका थोर पुरुषाचें चरित्र उघडावें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांना फुलांमुलांचे कवि म्हणून आपण पाठ्यपुस्तकांतून ओळखतों. त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. स्वभावानें कडक व तापट. आई जानकीबाई भाविक, मायाळू, कवितेची आवड असलेली. आई गेली तेव्हां नारायणाचें वय दहाअकरा वर्षांचें होतें, आणि आईच्या मागें तें घर त्याला आपलें वाटेना. त्यानें घर सोडलें व नाशिक गांठलें. तेथें गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं त्याला विद्येचा लाभ झाला. एवढेंसें पोर बापाचें घर टाकून विद्येसाठीं परगांवीं जातें, ही गोष्ट आपण मोठ्या उत्साहानें वाचतों, जणुं तो पराक्रमच! आम्हांस मात्र आतां ती वाचतांना वाटतें कीं, त्या वयाचें मूल विद्येकडे जितकें धांवतें त्याहून अधिक तें कशापासून तरी दूर पळत असतें.

पुढें टिळक कोठें स्थिर म्हणून झाले नाहींत. नोकरीमागून नोकरी, गांवामागून गांव. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवीं जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गांठ पडली. त्या गृहस्थानें त्यांना नवा करार वाचावयास दिला. वाचीत वाचीत ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले व तेथें त्यांचें मन जडलें. हें प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानांत तीन अध्यायांचें आहे. तें एकदां ह्या दृष्टीनें वाचून पाहावें. त्यांत देवाला पिता म्हटल्याचा उल्लेख पुनःपुन्हां येतो. आणि हा पिता कसा? भल्यावर आणि बुऱ्यावर सारखाच पाऊस पाडणारा, एकांतांतलें पाहणारा, भाकर मागणाऱ्या लेंकराच्या हातीं धोंडा न ठेवणारा. ह्यांतील नेमकें काय टिळकांच्या अंतःकरणास भिडलें हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण ज्यानें कोवळ्या वयांत बापाचें घर सोडलें त्याला हा पाठ अगदींच परका वाटला नसेल, एवढें म्हणणें फार धाडसाचें होऊं नये. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आतां खरी ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट. टिळकांच्या भक्तिगीतांत ख्रिस्ताला जी अत्यंत जिव्हाळ्याची हांक ऐकूं येते ती बापाची नव्हे, ती माउलीची. पंढरीच्या वाटेवर शतकानुशतकें विठोबाला जी हांक गेली, तीच त्यांनीं आपल्या प्रभूला दिली. विद्वान लोक ह्याला भागवत संप्रदायाचा वारसा म्हणतात, व तें बरोबरच आहे. परंतु आम्हांस त्यांत आणखीहि कांहीं दिसतें. ज्या घराचें पुढचें दार लहानपणींच बंद झालें त्या घरांत हा मनुष्य परसदारानें शिरला. जानकीबाईंनीं दहाअकरा वर्षें जी माया दिली होती, तिचाच हात धरून तो स्वर्गीय पित्याच्या अंगणांत पोंचला. शास्त्रालाहि हें मान्य आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत देव स्वतःस आईची उपमा देतो. एक वेळ आई आपल्या तान्ह्याला विसरेल, पण आपण विसरणार नाहीं, असा त्याचा तेथें शब्द आहे. आणि आमच्या मराठीचें भाग्य असें कीं, तिच्यांत देवाला ‘मायबाप’ असा जोडशब्दच आहे. ज्याला त्याचें एक अर्ध उच्चारवत नसेल त्यानें खुशाल दुसऱ्या अर्धानें आरंभ करावा. आम्हीं त्या मुलाला हें सांगावयास पाहिजे होतें. तें सोडून आम्हीं त्याला रांगेबाहेर काढलें.

टिळकांची गोष्ट येथेंच थांबविली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाहीं. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. त्यांत पतीवरील अपार प्रेम आहे, आणि त्याच प्रेमानें त्यांनीं पतीचा कोपहि झांकलेला नाहीं. क्षणांत भडकणारे, क्षणांत विरघळणारे, न सांगतां सवरतां घरांतून निघून जाणारे टिळक त्या पानांतून आपणांस भेटतात. ज्या रागाची धग त्यांनीं लेंकरूंपणीं सोसली तोच राग त्यांच्याहि अंगीं उतरला होता. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें तो एका दिवसांत धुऊन निघाला नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्यांच्या धर्मांतरामुळें लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिले. दत्तूचा जन्म १८९१ चा. म्हणजे बापाची सर्वांत अधिक गरज असते त्या वयांतच तो बापाला पारखा झाला. ज्याला स्वर्गांतील पिता सांपडला त्याच्याच मुलाला घरांतला पिता दिसेनासा झाला! ख्रिस्ती वक्ते बहुधा ही गोष्ट गाळतात. ती गाळूं नये. जखम देवाच्या हवालीं केल्यावरहि तिची ठणक पुढल्या पिढीला लागूं शकते, हें मुलांना व त्यांहून अधिक त्यांच्या बापांना ठाऊक असलेलें बरें.

मग फरक तो कोणता पडला? आमच्या मतें एवढाच, कीं हा बाप परत वळूं शकला. कुटुंब पुन्हां एकत्र आलें. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींहि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आणि ज्या घरांत राग होता त्याच घरांत पुढें किती तरी निराधार मुलांना आसरा मिळाला. टिळकांनीं एक दीर्घ कविता लिहिली तिचें नांव ‘बापाचे अश्रू’. हें नांव आमच्या मनांत फार दिवस घर करून आहे. आमच्या समाजांत बापानें रागवावें, ओरडावें, उपाशी राहून मुलांस पोसावें, हें सारें शोभतें. त्यानें डोळ्यांतून पाणी मात्र काढूं नये. दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक, पुढें वडिलांच्या साहित्याचे जतनकर्ते झाले, व आईला आठवणी लिहिण्यास त्यांनींच उद्युक्त केलें. ज्या मुलाला बापाकडून केवळ भयच मिळालें असतें त्यानें बापाचे कागद इतक्या मायेनें जपले नसते.

जातां जातां एक. लक्ष्मीबाईंचेहि वडील होते, आणि त्यांच्या सोंवळ्याच्या वेडानें त्या घराचें काय झालें तें ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभींच आलें आहे. तें वाचतांना आपण हंसतों; हंसवणें ही लक्ष्मीबाईंची हातोटीच. पण त्या घरांत लहान मुलगी म्हणून वाढणें हंसण्याजोगें खचित नसावें. कांहीं माणसें आपली जखम ओंवींत ठेवतात, कांहीं विनोदांत. कोणी कशांत ठेवावी हें बाहेरच्यानें ठरवूं नये.

टिळकांना वाट सांपडली ती आईच्या मायेंतून. पण ज्याला तीहि पुरेशी लाभली नाहीं त्यानें काय करावें? ह्याचें उत्तर आम्हांस एका दूरदेशींच्या साधूच्या चरित्रांत मिळालें. मात्र त्याचें नांव आमच्या उपनगरांत नवें नाहीं. बोरिवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वराचीं प्राचीन शैव लेणीं आहेत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमदानींत फ्रान्सिस्कन साधूंनीं तेथें ठाणें केलें व लेण्याचें चर्च बनविलें. (तें योग्य कीं अयोग्य हा वाद येथें नको, आमच्या मनांत त्याविषयीं गर्व नाहीं एवढें सांगतों.) टेकडीवर त्यांच्या इमारतीचे भग्न अवशेष सहलीस गेलेल्या मुलांनीं पाहिले असतील. ज्या असिसीच्या फ्रान्सिसचे ते साधु अनुयायी, त्याचा बाप पिएत्रो बेर्नार्दोने हा इटालींतील श्रीमंत कापडव्यापारी. मुलगा दुकानांतला पैसा दानधर्मांत उडवितो हें पाहून बापानें त्याला घरांतच अंधारांत बांधून कोंडलें. बाप परगांवीं गेला तेव्हां आईनें त्याला सोडविलें. अखेर १२०६ सालीं प्रकरण बिशपापुढें गेलें. तेथें फ्रान्सिसनें अंगावरचे कपडे उतरून पैशांसह बापापुढें ठेविले आणि आजपासून माझा पिता तो स्वर्गांतला, असें जाहीर केलें.

ही कथा त्यागाची म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस तीपेक्षां तिचा पुढला भाग मोलाचा वाटतो. त्यानंतर गांवांत जेथें जेथें भेट होई तेथें बाप मुलाला शिव्याशाप देई. तेव्हां फ्रान्सिसनें एका दीनदुबळ्या मनुष्यास विनविलें, असें जुने चरित्रकार सांगतात: तूं माझा बाप हो, मला मिळेल त्या भिक्षेंतला वाटा मी तुला देईन, माझा बाप शाप देईल त्या वेळीं तूं माझ्यावर क्रुसाची खूण करून मला आशीर्वाद देत जा. स्वर्गांतील पिता मिळाल्याचें भर सभेंत सांगितलेल्या ह्या तरुणालाहि जवळ उभा राहणारा एक हाडामांसाचा बाप लागला! केवळ प्रार्थनेवर त्याचें भागलें नाहीं, आणि त्याबद्दल त्याला कोणीं अल्पविश्वासी म्हटलें नाहीं. बापलेंकांची पुढें समेट झाल्याचेंहि त्या चरित्रांत येत नाहीं. संतपदाला पोंचलेल्या माणसाचीहि एक बाजू अशी उसवलेलीच राहिली.

हें वाचतांना आम्हांस शाळेंतील एका वृद्ध शिपायाची आठवण होते. त्या मुलाची आई कामावरून सात वाजतां परते, आणि तोंपर्यंत घरीं जावयाला मुलगा भिई. शिपायानें कोणाला न विचारतां त्याला आपल्या स्टुलाशेजारीं बसवून घ्यावयास सुरुवात केली. डब्यांतली अर्धी भाकरी त्याला द्यावी, संध्याकाळची घंटा त्याच्याकडून वाजवावी, आणि गणितांत किती गुण पडले हें कधींहि विचारूं नये. आम्हीं धर्मशिक्षणाच्या तासाला जें शिकवीत होतों तें ह्या मनुष्यानें स्टुलावर बसून करून दाखविलें. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. सकाळच्या प्रार्थनेंत त्या मुलाचे ओठ पुढें केव्हां हलूं लागले कीं नाहीं, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं, कारण आम्हीं पाहणें सोडून दिलें.

क्षमेविषयीं आतां बोललें पाहिजे. कारण दुखावलेल्या मुलाला सर्वांत आधीं व सर्वांत घाईनें दिला जाणारा उपदेश तोच असतो. आईबापांचा मान राख ही आज्ञा दहा आज्ञांत आहे, व ती आम्हांस शिरसावंद्य आहे. पण ज्या पौलानें ही आज्ञा मुलांस पुन्हां सांगितली त्यानें लागलीच बापांनाहि बजावलें आहे कीं, त्यांनीं मुलांना चिडीस आणूं नये. आमच्या घरांत पहिला अर्धा भाग भिंतीवर चौकटींत टांगलेला असतो. दुसरा बहुधा कोणाला आठवत नाहीं. क्षमा ही देवाची देणगी आहे. ती मुलाच्या मानगुटीस बसवावयाची सक्ति नव्हे. आणि क्षमा करणें म्हणजे रोजचा मार निमूटपणें खाणें, असा अर्थ तर कोणत्याहि शास्त्रांत नाहीं. जेथें मारहाण किंवा त्याहूनहि घोर प्रकार चालू आहे तेथें मुलानें तो लपवूं नये. शिक्षकाला, शेजारच्या काकूंना, विश्वासाच्या कोणत्याहि मोठ्या माणसाला सांगावा. १०९८ ह्या दूरध्वनीक्रमांकावर मुलाला स्वतः मदत मागतां येते. ही सेवा १९९६ सालीं आपल्या मुंबईंतच सुरू झाली. सांगणें म्हणजे बापाचा अपमान नव्हे. खोटें बोलून बापाचा मान राखावा असें देवानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

सर्वच बाप असे असतात असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, मुलीसहि त्या विद्येपासून दूर ठेविलें नाहीं, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळांत उपासमारीनें प्राण सोडतांनाहि मुलीची चिंता वाहिली. त्या मुलीनें पुढें केडगांवीं शेंकडो निराधार मुलींना घर दिलें. एका बापाची माया किती लांबवर पोंचते पाहा. आमच्या अंधेरीचें सेंट कॅथरिन्स होमहि पुष्कळांच्या पाहण्यांत असेल; ज्यांना घर नव्हतें अशा किती तरी मुली तेथें वाढल्या, आणि त्यांची सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ १९४२ सालीं अंधेरींतच स्थापन झाला. तेथें बाप म्हणावयाला कोणी पुरुष नव्हता. तरी बापाचें काम कोणीं तरी केलेंच.

पालकहो, विशेषतः वडील मंडळी, आतां थोडें तुमच्याकडे वळूं. तुमच्यापैकीं किती तरी जण बोरिवलीहून किंवा मुलुंडहून पहाटेची लोकल पकडतात व मुलें झोंपल्यावर परततात. गर्दींत उभ्यानें येणाऱ्या मनुष्याच्या अंगांत घरीं पोंचल्यावर कौतुकाला बळ उरत नाहीं, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. तुमच्यापैकीं कांहींच्या वडिलांची नोकरी १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणी संपांत गेली. कांहींच्या वडिलांचे घाटकोपर-मुलुंडकडचे कारखाने नंतर बंद पडले. त्या घरांत जो अबोला शिरला, कोठें कोठें जी बाटली शिरली, तिच्या सावलींत तुम्ही वाढलां. तुम्हांला तुमच्या वडिलांनीं कधीं जवळ घेतलें नसेल; त्यांनाहि कोणीं घेतलें नसेल. वामनरावांचा राग जसा टिळकांत उतरला तसा हा मुकेपणा उतरत आला आहे. हें आम्ही दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. बाटलीचें व्यसन हा आजार आहे व त्यावर इलाज आहेत. फादर जो परेरा ह्यांनीं १९८१ सालीं वांद्र्यास आरंभिलेल्या कृपा फाउंडेशनसारख्या संस्थांतून किती तरी बाप आपल्या मुलांकडे परत आले आहेत.

उधळ्या पुत्राचा दृष्टान्त तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. तो म्हातारा बाप मुलाला दुरून पाहतांच धांवत सुटतो. आमच्याकडे प्रतिष्ठित म्हातारा कधीं धांवतो का? वाड्याच्या ओसरीवर बसून तो निरोप पाठवील. येशूच्या श्रोत्यांनाहि तें धांवणें तितकेंच चमत्कारिक वाटलें असेल. पण आम्हांस अलीकडे त्या धाकट्यापेक्षां थोरल्या मुलाची काळजी अधिक वाटते. तो घर सोडून गेलेला नाहीं. शेतांत राबतो, आज्ञा मोडीत नाहीं, आणि तरी बापाशीं बोलतांना स्वतःस चाकरासारखा लेखतो. असे थोरले मुलगे व मुली आमच्या वर्गांत पुष्कळ आहेत. शंभरांत ब्याण्णव गुण मिळवितात आणि घरीं उरलेल्या आठांचा हिशेब देतात. त्यांना कोणी मारीत नाहीं. शिकवणी, दप्तर, भ्रमणध्वनि, सारें त्यांना मिळतें. पण बापाच्या तोंडून ‘तूं माझा आहेस’ एवढें त्यांनीं कधीं ऐकलेलें नसतें. दृष्टान्तांतला बाप ह्या रुसलेल्या थोरल्यासाठींहि भरल्या पंगतींतून उठून बाहेर अंगणांत येतो, हें बहुतेक वाचकांच्या ध्यानांतून निसटतें.

आमच्या पालकसभेला प्रत्येक विद्यार्थ्यामागें दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांपैकीं एक बहुधा रिकामी राहते. कामाचा दिवस असतो, रजा मिळत नाहीं, हें आम्ही समजूं शकतों. म्हणून येत्या सत्रापासून सभा रविवारीं सकाळीं मिस्सानंतर घ्यावयाचें ठरलें आहे. पहिलीं दहा मिनिटें प्रगतिपुस्तक मिटलेलेंच राहील. तेवढ्या वेळांत वडिलांनीं मुलाच्या शेजारीं बसावें. आम्हीं शिक्षकांनीं त्या वेळीं वर्गाबाहेर व्हरांड्यांत उभें राहावयाचें आहे.